वन्संनी गाडी धुतली

उजाडायच्या आधीच राजश्रीला जाग आली आणि चहाचं आधणही न ठेवता ती अंगणात धावली. गाडी होती. पांढरी, छोटी, एका कुशीला चेपलेली. पण जागच्या जागी होती आणि तिची स्वतःची होती. राजश्रीनं टपावरून हात फिरवला. दवानं ओला झालेला तळवा तिनं गालाला लावला आणि कोणी पाहिलं तर नाही ना, म्हणून मागं वळून बघितलं.

पाहिलं होतं. पायरीवर हौसावन्सं मशेरी लावत बसल्या होत्या.

"नवऱ्याच्या तरी गालाला कधी असा हात लावलास काय गो?"

"वन्सं, नवरा बोटीवर असतो. गाडी दारात आहे."

राजश्रीचा नवरा सुजय मालवाहू बोटीवर खलाशी. वर्षातले आठ-नऊ महिने तो समुद्रावर, आणि पावसजवळच्या या वाडीत राजश्री आणि तिची विधवा नणंद हौसा अशा दोघीच. राजश्री आमसुलं करायची, कोकमाचं आगळ काढायची आणि पिशव्या भरभरून एसटीनं रत्नागिरीच्या दुकानांत नेऊन द्यायची. प्रत्येक फेरीला कंडक्टर कुरकुरायचा, कुणाच्या तरी पायावर बाटली पडायची. शेवटी कुणाला न सांगता ती शहरात गाडी शिकली. लायसन हातात पडल्यावरच सुजयला फोन केला. तो म्हणाला, "मी आल्यावर बघू." तिला तेवढा धीर कुठला! लांज्याकडच्या काशीरामची ही जुनी गाडी तिनं परस्पर ठरवली आणि काल रात्री ती दारात आलीसुद्धा. स्वस्तात मिळाली, कारण आतून तिच्याकडं बघवत नव्हतं. काशीरामनं तिच्यातून आंब्याच्या पेट्या नेल्या, कोंबड्या नेल्या, सुकी मच्छी नेली आणि सबंध पावसाळा काचा लावून ती शेतावरच्या मांगरात उभी केली.

राजश्रीनं चारी दारं उघडली. आतून जो भपकारा आला, तो पायरीपर्यंत पोचला.

"देवा रे! ही गाडी की खुराडं?" वन्संनी पदर नाकाला लावला. "मी नाय हो हिच्यात बसायची. मेले तर खांद्यावरून न्या, पण हिच्यात घालू नका."

"नका बसू. निदान नळ तरी सोडा."

राजश्रीनं आधी मॅट उपसल्या. खाली पेंढा. मागच्या सीटच्या फटीत पेंढा, दाराच्या कप्प्यांत पेंढा, ओढावं तितका येतच होता. त्यात पेट्यांचे खिळे, कोंबड्यांची पिसं, एका पायाची चप्पल आणि बोंबलाची शेपटी. ती एकेक वस्तू बाहेर टाकत होती आणि दर वस्तूगणिक तिला हसू फुटत होतं. लग्नात रुखवत उघडताना झाली नव्हती, तेवढी उत्सुकता तिला आज होती.

"वन्सं, इकडं या! लवकर या!"

मागच्या मॅटखाली पाणी मुरून चिखल झाला होता आणि त्यात आंब्याची एक कोय रुजली होती. काळोखातच वाढलेलं, पिवळट, वीतभर रोप सीटखाली मान वाकवून उभं होतं.

"अगो बाई गो," वन्सं म्हणाल्या. पदर नाकावरून कधी सुटला, त्यांना कळलंही नाही. त्यांनी दोन्ही हातांनी कोय अलगद उचलली आणि विहिरीकडं, ओल्या मातीत लावायला घेऊन गेल्या.

परत आल्या त्या लुगडं खोचूनच. हातात हिराचा खराटा.

"सर बाजूला. तू वरवरचं पुसतेस. असली घाण खरवडावी लागते."

मग जे सुरू झालं, त्याला तोड नव्हती. वन्सं अर्ध्या गाडीत, अर्ध्या बाहेर. करवंटीच्या कडेनं त्यांनी तळाची खरड काढली, रिठ्याच्या पाण्यानं सीट घासल्या. राजश्रीनं दारांवरचे तांबड्या पिंकेचे डाग सोडा लावून उतरवले. बादलीमागून बादली काळी होऊन माडाच्या बुंध्यात जात होती. सीटचा मूळ रंग निळा आहे, हे जेव्हा उमगलं, तेव्हा दोघी एकदमच ओरडल्या, "निळा!"

"मी राखाडी समजत होते!"

"मी तर शेणकट समजत होते!"

या भरात वन्संनी पाण्याचा पाइप उचलला. पुढं स्टेअरिंगजवळच्या जाळीत सुकटीचा चुरा अडकलेला त्यांना दिसला होता.

"वन्सं, तिथं नको—"

पाण्याची धार सुटली होती. जाळीवर, स्टेअरिंगवर, सगळीकडं. आणि गाडी एकाएकी भोंगा वाजवू लागली.

पोंऽऽऽऽऽ!

वन्सं पाइप टाकून ओटीवर पळाल्या. राजश्रीनं चावी बघितली. चावी तर लावलेलीच नव्हती. तिनं हॉर्नवर थापा मारल्या, दारं आपटली. आवाज तसूभर कमी झाला नाही. वाडीतली कुत्री केकाटू लागली. दगडी गडग्यावरून शेजारचा बाबू उडी टाकून आला, त्याच्या मागोमाग त्याची बायको, आणखी चार माणसं.

"काय झालं? कोण गेलं?" बाबू ओरडला.

"कोणी गेलं नाय!" वन्सं ओटीवरून ओरडल्या. "मी धुतली हो तिला!"

पहिल्याच दिवशी गाडी मारली आपण, राजश्रीला वाटलं. तेवढ्यात तिला शिकवणाऱ्या मास्तरांचं बोलणं आठवलं: काही सुचलं नाही तर आधी बॅटरीची तार सोडायची. तिनं बॉनेट उघडलं.

"बाबूभावजी, दहा नंबरचा पाना आणा! पळा!"

बाबू पळाला आणि पाना घेऊन आला. "सर बाजूला, मी करतो," म्हणत पुढं झाला, पण राजश्रीनं पाना त्याच्या हातातून घेतला. गाडी तिची होती. तिनं नट सैल केला आणि तार ओढून काढली.

आवाज बंद झाला. इतकी शांतता पसरली, की माडावरची खार ऐकू आली. मग वन्सं हसू लागल्या. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. पाहता पाहता सगळं अंगण हसायला लागलं.

आश्विनातलं ऊन कडक होतं. चारी दारं सताड उघडी ठेवून त्यांनी गाडी वाळवली. जेवतानाही राजश्री सारखी अंगणाकडं बघत होती. सुरू नाही झाली तर? उन्हं कलल्यावर तिनं देवाचं नाव घेतलं आणि तार पुन्हा जोडली. भोंगा गप्प राहिला. तिनं आत बसून चावी फिरवली. गाडी एकदा खोकली, दुसऱ्यांदा खोकली आणि तिसऱ्यांदा सुरू झाली.

"झाली! वन्सं, झाली सुरू!"

बघते तर पलीकडचं दार उघडून वन्सं आत शिरतही होत्या. अंगावर इस्त्रीची साडी, केसांत अबोली.

"तुम्ही तर बसणार नव्हतात ना?"

"खुराड्यात नाय म्हटलं होतं. चल आता, उजेड आहे तोवर."

गोळपच्या चढावर गाडी एकदा बंद पडली, मागून एसटी ठणाणा करत होती. राजश्रीनं घाम पुसला, हँडब्रेक ओढला, पुन्हा सुरू केली आणि चढ पार केला. वन्संनी एसटीकडं मान वळवून असं बघितलं, की ड्रायव्हरनं नजर खाली घातली असणार. पुढं उतार, मग सुरूची झाडं आणि भाट्याचा समुद्र.

राजश्रीनं रस्त्याकडेला गाडी थांबवली. हात अजून स्टेअरिंगवर घट्ट होते, सोडवत नव्हते. मग तिनं टपरीवरून दोन वडापाव आणले आणि एक वन्संपुढं धरला.

"ठेव बाहेर," वन्सं म्हणाल्या. "गाडीत खायचं नाय. चुरा पडतो."

दोघी खाली उतरल्या. वाऱ्यात उभ्या राहून त्यांनी वडापाव खाल्ले आणि खाता खाता उघड्या खिडकीतून आतल्या निळ्या सीटकडं पुन्हा पुन्हा बघत राहिल्या.