जास्तीत जास्त दोन

सितारा कसबा पेठेतली. अकरावीपर्यंत, म्हणजे मॅट्रिकपर्यंत, ती उर्दू शाळेत शिकली. तिथे बाई फळ्यावर आकृती काढून मागे वळायच्या आत तिच्या डोक्यात सिद्धता तयार असायची. वडील गुलजारभाई यांचं बुधवार पेठेत बुकबाइंडिंगचं दुकान होतं. १९६८ साली मुलीने कॉलेजात प्री-डिग्री सायन्सला नाव घातलं, तेव्हा तिची आई मदिनाबी एवढंच म्हणाली, "तिथे सगळं इंग्रजीत असतं म्हणे."

"गणिताला इंग्रजी कशाला लागतंय, अम्मी?"

पहिल्याच तासाला गणिताचे दीनानाथ सर जवळपास हेच बोलले. गणित ही सगळ्या जगाची भाषा आहे, वर्तुळ पुण्यातही गोल आणि जपानातही गोल, तेव्हा इंग्रजीची धास्ती घेऊ नका, असं त्यांनी आधी इंग्रजीत आणि मग मराठीत सांगितलं. सितारा खुशीत घरी आली.

महिन्याभराने चाचणी झाली. एक प्रश्न होता: सरळ रेषा वर्तुळाला 'अ‍ॅट मोस्ट' दोन बिंदूंत छेदते हे सिद्ध करा. सिताराने वर्तुळ काढलं, रेषा काढली, ती दोन बिंदूंत छेदते हे नीट दाखवलं. पेपर परत आला तो लाल भोपळा घेऊन. ती तडक स्टाफरूमपाशी गेली.

"सर, दोन बिंदू दाखवलेत मी."

दीनानाथ सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "दोन दाखवलेत. तिसरा नसतोच, हे कुठे दाखवलंत?"

"तसं विचारलंय कुठे?"

त्यांनी प्रश्नपत्रिकेवर बोट ठेवलं. "अ‍ॅट मोस्ट. म्हणजे जास्तीत जास्त."

"मला वाटलं, मोस्ट म्हणजे बहुतेक."

"'बहुतेक'वाल्या रेषा भूमितीत नसतात. बाजीराव रस्त्यावर असतात." सर पेपर परत करत म्हणाले, "असं करा, आर्ट्सला जा. बदलून घ्यायला अजून मुदत आहे."

"पण सर, आपणच म्हणालात, गणित जगाची भाषा आहे."

"आहेच. प्रश्न इंग्रजीत आहे, त्याला मी काय करू?"

बोलून झाल्यावर आपल्याच वाक्यात काहीतरी अडकल्यासारखं त्यांना वाटलं असावं. सितारा म्हणाली, "मी आर्ट्सला जाणार नाही, सर," आणि निघून आली.

व्हरांड्यात शकू बसली होती. ती कात्रजहून बसने यायची, मराठी शाळेतली, तास असला की मागच्या बाकावर मान खाली घालून बसायची. तिच्याही पेपरवर भोपळाच होता.

"तुला जमलं का गं?" शकूने विचारलं.

"नाही. पण जमवणार आहे. तू येतेस?"

त्या दिवसापासून दोघी रोज मधल्या सुट्टीत लायब्ररीच्या कोपऱ्यात बसू लागल्या. सुरुवातीला वाटलं, अडचण नावांची आहे. सितारा मुसल्लस म्हणायची, शकू त्रिकोण. शकूच्या कर्णाला सितारा वतर म्हणायची, आणि वर्तुळातल्या जीवेलाही वतरच.

"दोन्हीला एकच नाव?" शकू म्हणाली. "मग तुमची पोरं घोळ करत न्हाईत?"

सिताराने वर्तुळ काढलं, मधोमध व्यास काढला, त्यावर काटकोन त्रिकोण उभा केला. व्यास ही वर्तुळाची जीवा होती आणि तोच त्रिकोणाचा कर्ण. शकू आकृतीकडे बघत राहिली. "व्हय की," ती हळूच म्हणाली.

नावं आठवडाभरात पाठ झाली. तरी पुस्तकातली वाक्यं उघडेनात. मग सिताराच्या लक्षात आलं, की मोठे शब्द कधीच वाट अडवत नाहीत. अडवतात ते किडूकमिडूक शब्द. 'अ‍ॅट लीस्ट', 'अनलेस', 'ओन्ली इफ'. हे कुणी शिकवत नाही, सगळे धरून चालतात की ते येतातच. दोघींनी एकेक शब्द घेतला. तो लावल्यावर खरी ठरणारी आकृती काढायची, मग खोटी ठरणारी काढायची, दोन्ही काढता आल्या तरच शब्द कळला म्हणायचं. शकूला ही रीत फार मानवली. फक्त 'एनी' काही केल्या हाताला लागेना. शेवटी दोघी दीनानाथ सरांकडे गेल्या.

"एनी म्हणजे कोणताही," सर म्हणाले.

शकू धीर करून बोलली. "मग 'इज देअर एनी ट्रँगल' म्हंजे कोणताही त्रिकोण हाय का?"

"नाही, तिथे एखादा."

"मग कवा कोणताही धरायचा आन् कवा एखादा?"

"ते सवयीने कळतं," सर म्हणाले.

"सर, मग ही सवय कुठे लावायची, ते सांगा," सितारा म्हणाली. "आम्ही तिथे जाऊ."

सरांनी भिंतीवरचं वेळापत्रक पाहिलं. मग म्हणाले, "शनिवारी तास संपल्यावर माझ्या वर्गात या. आधी आपापल्या भाषेत फळ्यावर सांगायचं. मग तेच इंग्रजीत लिहायचं."

शनिवारी या दोघींसोबत आणखी काही मुलं येऊ लागली. फळ्यावर उर्दू, मराठी आणि मोडकं इंग्रजी एकाच आकृतीभोवती जमायचं. सर मध्येच अडवून विचारायचे, "हे तू म्हणालास ते खरंच तेच आहे का, जे ती म्हणाली?" यावरून वाद व्हायचे, आणि एरवी तासाला पेंगणारी मुलं त्या वादात तावातावाने भांडायची.

ही गोष्ट विभागप्रमुख आप्पासाहेबांच्या कानावर गेली. एका शनिवारी ते दारात येऊन उभे राहिले. फळ्यापाशी सितारा होती.

"दीनानाथराव, हा तास कोणत्या भाषेत चाललाय?"

"तीन भाषांत," दीनानाथ सर म्हणाले. "एकीत भागत नाही."

"अस्सं. आणि परीक्षा तीन भाषांत घ्यायचं विद्यापीठाला कळवलंय का आपण?" आप्पासाहेब सिताराकडे वळले. "तुम्ही परीक्षेत कशात लिहिणार?"

"इंग्रजीत, सर."

"येतं?"

"येईपर्यंत लिहीत राहणार."

आप्पासाहेब पुढच्या बाकावर बसले. "मग सिद्ध करा. दोन वेगळी वर्तुळं एकमेकांना तीन बिंदूंत छेदू शकत नाहीत. इंग्रजीत."

सिताराने खडू घेतला आणि सुरुवात केली. समजा, तीन बिंदू आहेत. ते एका रेषेत असू शकत नाहीत, कारण रेषा वर्तुळाला जास्तीत जास्त दोनच बिंदूंत छेदते. 'अ‍ॅट मोस्ट' लिहिताना तिने अक्षरं जरा ठळक काढली. मग बिंदू जोडणाऱ्या रेषाखंडांचे लंबदुभाजक काढले. दोन्ही वर्तुळांचं केंद्र त्यांच्याच छेदनबिंदूवर हवं. इथे तिला 'अनलेस' लिहायचं होतं आणि स्पेलिंग आठवेना. शकूने ओठ हलवले, तेव्हा सिताराने मान हलवून तिला थांबवलं. मग तिने तो शब्द सोडला आणि 'इफ नॉट' घालून वाक्य फिरवून लिहिलं. केंद्र एक, त्रिज्या एक, म्हणजे वर्तुळही एकच. पण वर्तुळं तर वेगळी होती. तिने खडू खाली ठेवला.

आप्पासाहेबांनी फळा वरून खालपर्यंत वाचला. "व्याकरण वाईट आहे."

"आणि सिद्धता?" दीनानाथ सरांनी विचारलं.

"सिद्धतेत चूक नाही." ते उठले. दारापाशी जाऊन म्हणाले, "जाताना पंखे बंद करा." त्यानंतर शनिवारबद्दल ते कधीच बोलले नाहीत.

वार्षिक परीक्षेत सितारा गणितात कॉलेजात दुसरी आली. शकू गणितात चांगली पास झाली, पण इंग्रजी विषयात राहिली. निकालानंतर ती कॉलेजात दिसली नाही, ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेचं विचारायलाही आली नाही. तेव्हा सितारा बसने कात्रजला गेली. यापूर्वी ती एकटी स्वारगेटच्या पुढे कधी गेली नव्हती.

शकूचे वडील हिंदुराव गोठ्यात म्हशीला पाणी दाखवत होते. "नापास झाली ती," ते म्हणाले. "झालं तेवढं बास झालं. आता घरचं बघंल."

"एकाच विषयात राहिलीय, काका. तो मी करून घेते तिच्याकडून."

"तुझं इंग्रजी लई चांगलं हाय व्हय?"

"नाही," सितारा म्हणाली. "पण मला काय येत नव्हतं आणि ते कसं आलं, ते मला पक्कं माहीत आहे. आणि मला जे आलं, त्यातलं अर्धं शकूने शिकवलंय."

हिंदुरावांनी बादली पालथी घातली, हात पुसले आणि घराकडे तोंड करून हाक मारली, "शके, बाहेर ये. चहा टाक, आन् तुझी पुस्तकं आण."

शकू दारात आली. तिचे डोळे सुजलेले होते. सितारा ओट्यावर सरकून बसली आणि शेजारची जागा तिने हाताने झाडली.