मिस्त्रींनी पारखलेली कंपनी

सगळा जन्म रंधा मारण्यात गेलेल्या मिस्त्रींना एकाच गोष्टीचा गर्व होता. माणूस फसवतो, लाकूड फसवत नाही. म्हणून कोणाच्याही घरी गेले की ते आधी चौकट बघत, मग यजमान.

धाकटी बहीण विधवा होऊन त्यांच्याकडे राहायला आली होती. नवऱ्याच्या कारखान्याने दिलेली भरपाई बँकेत होती, पण तिच्या व्याजात वेगळी खोली परवडत नव्हती. स्वयंपाकघरात रोज भांड्याला भांडं लागे. "वन्सं, तेल जरा हात राखून," असं वहिनी म्हणाली की बहीण कढई तशीच सोडून बाहेर येऊन बसे. तिला स्वतःची चूल हवी होती, बाकी काही नको.

मिस्त्रींनी गुंतवणुकीची कामं करणाऱ्या ओळखीच्या एजंटला बोलावलं. गडी सरळ होता.

"हे नॉन-कन्व्हर्टिबल डिबेंचर," तो म्हणाला. "तुम्ही कंपनीला कर्ज द्यायचं. त्याचे पुढे शेअर होत नाहीत, नफ्यात वाटा नाही. व्याज ठरलेलं, महिन्याच्या महिन्याला, बँकेपेक्षा बरंच जास्त."

"जास्त का?" बहिणीने विचारलं.

"धोका जास्त म्हणून, ताई. हे बिनतारणी आहेत. कंपनी बुडाली तर मालमत्तेवर आधी बँकेचा हात, उरलं तर तुमचा. पतमानांकनही मधलंच. चार आणे यात घाला, बारा आणे राहू द्या बँकेत."

तिने भावाकडे पाहिलं. "दादा, तू बघ."

दादांनी बघितलं. दुसऱ्या दिवशी ते थेट कंपनीच्या कचेरीत गेले. तिथलं माहितीपत्रक हातातही घेतलं नाही. मोठं दार दोनदा उघडून मिटलं, बिजागरीला कान लावला, चौकटीच्या सांध्यात नख घालून पाहिलं. नख शिरेना. अस्सल सागवान, नजर लागावी असं काम.

"आजोबा, दार विकत घ्यायचंय का?" पहारेकऱ्याने हटकलं.

"दार कशाला, कंपनीच घेतो की," मिस्त्री म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होत घरी आले.

"जो दारात हात आखडत नाही, तो व्याजात कशाला आखडेल? सगळे घाल."

तिने सगळे घातले. वर्षभर व्याज वेळेवर आलं. दोन गल्ल्या सोडून तिने भाड्याने खोली घेतली, चेहरा उजळला, कधीमधी हसूही लागली. मग एक महिना व्याज आलं नाही. पुढचाही कोरडा गेला. मिस्त्री धावत कचेरीत गेले तर दाराला बँकेचं सील. इमारत, फर्निचर, ती सागवानी दारं, सगळं केव्हाचं गहाण होतं.

बहीण वळकटी घेऊन परत आली. वहिनीने न बोलता कोपरा मोकळा करून दिला. ते टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

एजंट आला तेव्हा त्याला मान वर करवेना. "बाजारात विकता येतील, पण शंभराचे तीस मिळतील. थांबलात तर प्रकरण कोर्टात. कदाचित जास्त मिळेल, कदाचित छदामही नाही."

"थांबू," मिस्त्री म्हणाले. "मी जरा चौकशी करतो..."

"वहिनी, यांना म्हणावं, तुमची चौकशी पुरे झाली." ती एजंटकडे वळली. "त्या तिसात माझं खोलीसकट किती दिवस भागेल?"

"पोटाला चिमटा काढलात तर तीनेक वर्षं, ताई."

"विका."

"अगं, आणि पुढे काय?" मिस्त्री कळवळून म्हणाले.

"पुढे मरेन नाहीतर धुणीभांडी करेन. तुला विचारायला येणार नाही."

पैसे हाती आले त्या दिवशी तिने ट्रंक भरली. मिस्त्री पुढे झाले, कडीला हात घातला.

"राहू दे. हमाल सांगितलाय."

हमाल आला. ट्रंक डोक्यावर घेऊन वळला तर वाटेत मिस्त्री उभेच.

"बाबा, जरा बाजूला व्हा," तो म्हणाला.