सतरावी मुलगी

आमच्या सांघिक स्केटिंगच्या खेळात सोळा जणी एकदम बर्फावर उतरतात आणि सतरावी कठड्याशी उभी राहते. आमची सतरावी साइमी. कोण कधी आजारी पडेल याचा नेम नसतो, म्हणून तीन वर्षं तिने सोळाही जणींच्या जागा पाठ केल्या. पण माझ्या पोरी भलत्याच धडधाकट. एकीला साधी सर्दी होईल तर शपथ.

एक जुलैच्या आत एकोणीस पूर्ण झाली की मुलगी ज्युनियर गटातून बाद. साइमीला मे महिन्यात एकोणीस पूर्ण होणार होती, म्हणजे मार्चमधली ताम्पेरे शहरातली स्पर्धा तिची शेवटची. मी मार्युत, त्यांची प्रशिक्षक. मीच तिला शब्द दिला होता, की शनिवारचा छोटा कार्यक्रम नेहमीच्या सोळा जणी करतील, रविवारच्या मोठ्या कार्यक्रमात वेराच्या जागी तू.

शनिवारी आम्ही तिसऱ्या आलो, चौथ्या संघापेक्षा जेमतेम अर्ध्या गुणाने पुढे. रविवारी सकाळी मी कच खाल्ली.

"वेराच उतरेल," मी साइमीला सांगितलं. "हात गुंफून सगळ्यांचं चाक फिरतं ना, तेव्हा तिचा हात सुटत नाही."

"माझा सुटतो, मार्युत?"

"स्पर्धेत कुठे बघितलाय मी?"

असं बोलणाऱ्या माणसाच्या थोबाडीत मारावी. साइमी नुसतं "बरं" म्हणाली. मग म्हणाली, "आजी कायानीहून बसने निघालीय. तिला आता काय सांगू?"

मी घड्याळ बघितलं.

पोरींनी सुरेख केलं. कांस्यपदक आलं. साइमी तोच निळा पोशाख घालून, तसाच अंबाडा बांधून, सगळ्यांची जॅकेटं कवटाळून आतल्या बाजूला, प्रेक्षकांना दिसणार नाही अशी उभी होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

बाहेर आजीने आम्हा दोघींना गाठलं. हातात वेलचीच्या पावांची पिशवी, डोळे रडून लाल.

"बघितलं गं तुला," ती साइमीला म्हणाली. "डावीकडून तिसरी. मेल्या सगळ्या एकसारख्या नटलेल्या, पण मी बरोबर हुडकलं. मग शेवटपर्यंत नजर हलवली नाही."

डावीकडून तिसरी वेरा होती. मी तोंड उघडलं, पण साइमीने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले.

"ते चाक एवढं गरागरा फिरत होतं," आजी म्हणाली, "भीती नाही वाटली?"

"नाही आजी," साइमी म्हणाली. "दोन्ही बाजूंनी घट्ट धरलं होतं मला."