मलिंडाचा बुधवार

"बुधवारी लग्न? आपल्यात कोणी बुधवारी लग्न लावलंय कधी?" ओला टॉवेल फटकारत मलिंडा म्हणाली. "ओमारच्या आईला सांग, दुसरी तारीख बघा म्हणावं."

नात लोव्हिना बादलीपाशी उभी होती. ओमारशी तिचं लग्न ठरलं होतं. तिचा चेहरा एवढासा झाला. "पण आजी, चौदा नोव्हेंबर तुमच्या लग्नाचा दिवस. पुढच्या वर्षी पन्नास होतील. मला त्याच दिवशी लग्न करायचंय, आजोबांच्या देखत."

"माझ्या लग्नाची तारीख मला शिकवतेस? यंदा ती मंगळवारी आली. वर्षाला वार एकाने पुढे सरकतो. म्हणजे बुधवार. झालं!"

अमेरिकेतल्या जुन्या चालीच्या आमिश पंथाच्या घरांतली लग्नं पिकं घरात आली की नोव्हेंबरात, आणि तीही मंगळवारी नाहीतर गुरुवारी. कोणाचं कधी झालं, हे मलिंडा वारासकट सांगायची. तिला खोटं ठरवायची गावात कोणाची छाती नव्हती. पुढच्या सालाचं कॅलेंडर अजून कोणाच्या भिंतीवर लागलं नव्हतं, आणि ओमारच्या आईला तर आज संध्याकाळीच तारीख हवी होती. तिला घरातली आणखी दोन लग्नं बसवायची होती.

कपडे वाळत घालायच्या दोरीखाली खुर्चीत ईनस बसला होता, मलिंडाचा नवरा. मांडीवर चिमट्यांची पिशवी. उभा जन्म त्याने घोड्यांचे साज शिवले. त्याचा पट्टा घोड्याला कधी काचला नाही, असा कारागीर! दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. तरी सोमवारी धुणं निघालं की हा पिशवी घेऊन हजर. एकेक चिमटा बायकोच्या हातात द्यायचा. बसून खाणं त्याच्या रक्तात नव्हतं.

त्याने दोरीचा खांब धरून अंग उचललं.

"आता कुठे निघाली स्वारी?" मलिंडा ओरडली. "पडशील, मेल्या!"

ईनसने दोरीच्या टोकाला शेजारी शेजारी तीन चिमटे लावले. डाव्या हाताने, सावकाश. मदतीला कोणी पुढे झालं नाही. त्याला ते खपत नसे. मग खिशातला रुमाल काढून पहिल्या चिमट्यात अडकवला.

"मंगळवार?" लोव्हिनाने हळूच विचारलं. त्याने होकाराची मान हलवली. रुमाल काढला, मधला चिमटा सोडला आणि तिसऱ्यात लावला.

"डोकंही गेलं वाटतं याचं," मलिंडा म्हणाली. "अरे, एकच वार सरकतो. एकच!"

ईनसने कुरणाकडे बोट केलं. तिथे त्यांची म्हातारी घोडी, डॉली, गवत हुंगत होती. ती जन्मली एकोणतीस फेब्रुवारीला. चार वर्षांतून एकदा वाढदिवस, म्हणून घरात थट्टा चालायची की डॉली अजून चार वर्षांची पोर आहे. ईनसने पाच बोटं वर केली.

लोव्हिनाच्या हातून कापड बादलीत पडलं. "आजी! पुढच्या वर्षी डॉलीचा पाचवा वाढदिवस! पुढचा फेब्रुवारी एका दिवसाने मोठा आहे. मग वार दोनाने सरकणार. बुधवार ओलांडून गुरुवार!"

मलिंडा दोरीकडे बघत राहिली. चूक कबूल करायची तिच्या जिभेला सवय नव्हती.

"मग उभी काय राहिलीस?" ती खेकसली. "जा, कळव त्यांना. आणि लग्नाच्या जेवणाला सेलरीची भाजी हवी, पुढच्या उन्हाळ्यात रोपं चौपट लागतील, ध्यानात ठेव."

उन्हाळ्यात परसात सेलरीच्या लांबच लांब ओळी लागल्या. तेवढी सेलरी लग्नाच्याच जेवणाला लागते. रस्त्याने जाणारे ओळखून हसायचे. ईनस खुर्ची उन्हात ओढून रोपांची राखण करायचा.

सप्टेंबरात तो गेला. झोपेत, कोणाला त्रास न देता.

"लग्न पुढे ढकलूया का, आई?" मुलाने विचारलं.

"त्याने काढून दिलेला वार आहे," मलिंडा म्हणाली. "त्याला कोणी हात लावायचा नाही."

गुरुवारी, चौदा नोव्हेंबरला, काळे कपडे घालून ती पुढच्या बाकावर ताठ बसली. टेबलांवर काचेच्या बरण्यांतून सेलरीचे हिरवे तुरे उभे होते.

सोमवारी टेबलक्लॉथांचा ढीग धुवून निघाला. चिमटे संपले.

"आजी, टोकाला तीन आहेत की!" माहेरी आलेल्या लोव्हिनाने हात पुढे केला. वर्षभराच्या उन्हापावसाने ते चिमटे राखाडी पडले होते.

"ते राहू देत," मलिंडा म्हणाली. तिने दोरीवरच्या दोन कापडांची टोकं एकावर एक ठेवून एकाच चिमट्यात धरली, सुटलेला चिमटा घेतला आणि पुढचं कापड उचललं.