पहिलं नको

वडगाव रासाईच्या आक्काबाईंनी लेकीला, करुणाला, दोन गोष्टी लहानपणीच शिकवल्या होत्या. शिकायचं, आणि कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं. एका बुद्धपौर्णिमेला शेजारणीनं खिरीची वाटी पुढं करताच करुणानं ती घेतली होती. तेव्हा आईनं काढलेला चिमटा ती अजून विसरली नव्हती. समोरच्यानं आग्रह करावा, आपण मान हलवावी, आणि मग 'बरं, थोडीच द्या' म्हणत वाटीभर खीर खावी, अशी ती रीत. या रीतीनं गावात कुणी उपाशी राहिलं नव्हतं.

करुणा एम.एस्सी. झाली, तीही पहिल्या वर्गात. मग रांजणगावला एका रंगाच्या कारखान्यात, माल तपासायच्या लॅबमध्ये ट्रेनी म्हणून चिकटली आणि ट्रेनीच राहिली. दरवर्षी ओळखपत्र नवं यायचं, त्यावरचा शब्द मात्र तोच. आक्काबाई गावभर 'लेक कंपनीत साहेब हाय' असं ठोकून द्यायच्या आणि करुणा मान खाली घालायची. डिग्री घेतल्यावरही माणूस किती वर्षं शिकाऊच राहतं, हे तिला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

आणि एक दिवस लॅबचे प्रमुख कुरियनसाहेब यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. साहेब केरळचे, बोलणं मोजकं. दौंडजवळ कंपनीचा नवा प्लांट सुरू होत होता. तिथली लॅब सांभाळशील का, असं त्यांनी सरळ हिंदीत विचारलं. करुणा मनातून हरखली. तोंडातून मात्र सवयीनं निघालं, "नहीं सर, मुझसे कहाँ होगा."

"ठीक है," म्हणून साहेब कॉम्प्युटरकडं वळले.

आता तिथंच तोंड उघडायचं की नाही? पण ही बाई बसली दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत. काम नसताना केबिनवरून चकरा मारल्या. साहेब एकदा तिच्याकडं बघून हसलेही, विचारलं काहीच नाही. शेवटी कळलं, की दौंडसाठी प्रांजलचं नाव जाणार आहे. प्रांजल तिच्या मागून आलेली. तिला काम करुणानंच शिकवलं होतं. करुणाला रडू फुटायचंच बाकी राहिलं.

जेवणाच्या सुट्टीत तिनं हे पॅकिंगमधल्या अनिताला सांगितलं. अनिता दौंडची, बोलायला रोखठोक.

"आगं, त्यो काय तुला पंगतीत वाढत हुता व्हय? हितं दुसऱ्यांदा कोण न्हाई इचारत. जा आन् माग."

मागायचं म्हटल्यावरच करुणाचे कान तापले. पण अजून एक वर्ष त्याच ओळखपत्राचं, तेही नको होतं. डबा तसाच ठेवून ती उठली.

केबिनमध्ये तिनं सगळं सांगून टाकलं. आमच्याकडं पहिलं नको खरं नसतं, सर. ती जागा मला हवी आहे. भरात खिरीची वाटी आणि चिमटाही सांगून झाला. साहेब हसले नाहीत. नाव अजून वर गेलं नव्हतं, पण त्यांनी वेगळाच प्रश्न टाकला. उद्या खराब मालाला तू नको म्हणालीस आणि प्रॉडक्शनवाल्यानं आग्रह केला, तर तिथंही दुसऱ्यांदा बरं म्हणशील का?

करुणा ताठ मानेनं म्हणाली, "माल को मेरा पहला नहीं ही आखरी होता है, सर."

हे साहेबांना माहीत होतं. म्हणून तर त्यांनी आधी तिलाच विचारलं होतं. त्यांनी तिच्यासमोरच नाव बदललं.

ऑर्डर आली, दौंडला खोलीही मिळाली. निघायच्या दिवशी करुणानं आईला विचारलं, माझ्यासंगं राहायला येतेस का?

"नको बाई, मला कुठं करमतंय तिथं," आक्काबाई म्हणाल्या.

करुणानं बॅगेची चेन लावली. मग वळून आईच्या समोर बसली.

"आई, चल की."

"बरं. थोडंच दिस यीन."

आक्काबाईंची पिशवी सकाळपासूनच दारामागं भरून ठेवलेली होती.