महाराणीचा अंबाडा

मिस्त्रींना नाण्यांचं वेड लागलं ते निवृत्त झाल्यावर. आणि म्हातारपणी लागलेलं वेड तरुणपणीच्या वेडापेक्षा वाईट, कारण कान धरायला घरात वडीलधारं कुणी उरलेलं नसतं.

उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. ग्रीस, तारा, आणि दोन मजल्यांच्या मधे अडकून देवाचा धावा करणारी माणसं, असा सगळा संसार. इतिहासाशी संबंध म्हणाल तर शाळेत त्यात नापास होण्यापुरता. असा हा गृहस्थ एके दिवशी चष्म्याची काडी बसवून घ्यायला गेला काय, शेजारच्या जुन्या नाण्यांच्या दुकानापाशी रेंगाळला काय, आणि रोमन काळातलं चांदीचं नाणं खिशात घालून घरी आला काय! डिनेरियस म्हणायचं त्याला. अंगठ्याच्या नखापेक्षा जरा मोठं, कडेला वेडंवाकडं, काळपट. त्यावर कुठल्याशा सम्राटाच्या बायकोचा चेहरा. मिस्त्री तिला महाराणी म्हणायचे.

नवा मुसलमान जसा... छे, तसलं काही म्हणायला नको. पण नवशिका तो नवशिकाच. मिस्त्रींनी मोबाइलवर बघून बघून नाण्यांचे सगळे कायदे पाठ केले. नाणं कडेला धरायचं. पांढरे सुती हातमोजे घालायचे. चेहऱ्याला बोट म्हणून लावायचं नाही, बोटांना तेल असतं. महाराणी एका गोल प्लास्टिकच्या डबीत राहायची, डबी एका पेटीत, आणि पेटी कपाटात. हा माणूस लिफ्टच्या मोटरमधे उघड्या हाताने कोपरापर्यंत घुसायचा, हे सांगून कुणाला पटलं नसतं.

पण खरं सांगायचं तर नाणं हे निमित्त होतं. मिस्त्रींना त्या घरातली शांतता खायला उठायची.

त्यांच्या बायकोला सगळी वस्ती बाई म्हणून ओळखायची. इमारतीच्या तळमजल्यावर बाईंचं पार्लर होतं. केस कापणं, धुणं, रंगवणं, वेण्या, अंबाडे; एकदा तुमच्या डोक्याला त्यांचा हात लागला की दुसरीकडे जायचं नाव नको. आणि बोलण्यात तर बाईंचा हात कुणी धरला नसता. कुणाचं लग्न मोडतंय, कुणाचं जमतंय, सगळं त्या खुर्चीत कळायचं. मग काचबिंदू झाला. आधी कडेकडेचं दिसेना, मग समोरचं अंधुक झालं, आणि शेवटी काहीच उरलं नाही. बाईंनी पार्लरला कुलूप लावलं, कात्र्या एका खणात टाकल्या आणि खिडकीपाशी खुर्चीत जाऊन बसल्या. "आता या हातांचं काय लोणचं घालू?" एवढं एकदा म्हणाल्या, आणि त्यानंतर तोंडाला जे कुलूप लागलं ते लागलंच. जेवतेस? हो. फिरायला जाऊ या? नको. बरं वाटतंय ना? ठीक.

लेक विमा कंपनीत होती, दर रविवारी यायची. आईजवळ बसायची, ऑफिसातल्या गमती सांगायची. तिलाही तेच. हो. नको. ठीक. जाताना जिन्यात थांबून ती बापाकडे नुसतं बघायची.

बाईंना दिसावं अशी आशा आता मिस्त्रींनी सोडली होती, डॉक्टरांनीच सोडायला लावली होती. त्यांना एकच हवं होतं. बायकोने काहीतरी मागावं. काहीही. भांडून मागितलं तर अधिकच बरं.

म्हणून ते रोज संध्याकाळी खुर्चीशेजारी बसून, हातमोजे घालून, भिंगातून बघत नाण्याचं वर्णन करायचे. मोठ्यांदा. बाई ऐकतायत की नाही कळायला मार्ग नव्हता.

"नाक सरळ आहे," ते त्या संध्याकाळी म्हणाले. "हनुवटी जरा जाड. आपल्या वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंसारखी."

"बरं."

"गळ्यापाशी कापडाच्या चुण्या. आणि डोक्यावर टोपी."

"टोपी?"

मिस्त्रींनी भिंग खाली केलं. बरं, हो, नको, ठीक, या चारांच्या बाहेरचा हा शब्द होता.

"हो, म्हणजे... गोल आहे काहीतरी वर. टोपी नाहीतर पगडी."

"राणी कशाला पगडी घालेल? तुमचं आपलं काहीतरीच. द्या इकडे, बघू."

आणि बाईंनी हात पुढे केला.

आता इथे दुसरा कुणी असता तर त्याने महाराणीच काय, पेटीसकट कपाट त्या हातावर ठेवलं असतं. पण मिस्त्रींची अक्कल तेव्हा शेण खायला गेली होती. कायदे पाठ होते ना! ते दचकून मागे सरकले आणि म्हणाले, "अगं थांब थांब! बोटांचं तेल लागतं, चांदी खराब होते. हातमोजे देतो, घालतेस का?"

बाईंचा हात तसाच हवेत राहिला. मग हळूच मांडीवर परत गेला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "हातमोजे घालून मला काय कळणार? आणि माझ्या हाताने आता सगळं खराबच व्हायचं."

त्या रात्री मिस्त्रींना घास गोड लागला नाही. इतके दिवस जिच्या एका मागण्यासाठी जीव टांगणीला लावला होता, तिने मागितलं आणि आपण नाही म्हणालो! पण बघा, माणूस चूक कळल्यावरही अर्धीच सुधारतो. दुसऱ्या दिवशी ते डबी घेऊन नाण्यांच्या दुकानात गेले ते नक्कल विकत घ्यायला. याच नाण्याची हुबेहूब नक्कल मिळाली तर ती बायकोच्या हातात देता येईल, आणि अस्सल महाराणी डबीत सुखरूप राहील, असा तो हिशोब.

दुकानदार म्हातारा होता, टेबलावर कोपरं टेकून बोलायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"घरात खरं नाणं असताना नक्कल कशाला?"

"मिसेसना दिसत नाही हो. त्यांना हात लावून बघायचंय."

"मग लावू द्या की."

"अहो, असं कसं? बोटांचं तेल..."

दुकानदाराने डबी ओढून घेतली, उघडली, आणि मिस्त्री "अहो! अहो!" करेपर्यंत नाणं उघड्या तळहातावर घेऊन त्यावरून अंगठा फिरवलासुद्धा.

"हे हातमोज्यांचं खूळ कुठून आणलंत? ते टाकसाळीतून कोऱ्या आलेल्या, आरशासारख्या चकचकीत नाण्यांसाठी. हे काय कोरं आहे? हे शिपायांनी कमरेला बांधलंय. बायकांनी मुठीत धरून बाजार केलाय. खरं का खोटं बघायला कुणी दातांनी चावलंही असेल. घासू नका, पॉलिश लावू नका, पाडू नका, एवढं सांभाळा. हातात घ्यायलाच तर केलंय ना हे?"

मिस्त्री मेल्याहून मेल्यासारखे झाले. नाणं उचलून त्यांनी सरळ शर्टाच्या खिशात टाकलं आणि घरची वाट धरली. डबी दुकानातच राहिली.

बाई खिडकीपाशी होत्या. मिस्त्री कुरकुरत्या गुडघ्यांनी खाली जमिनीवर बसले, बायकोचा हात हातात घेतला, बोटं उघडली आणि मधोमध नाणं ठेवलं.

"हे काय?" बाई म्हणाल्या. "आणि तुमचे हातमोजे?"

"जाळले."

"खरंच?"

"नाही. पण जाळतो. चुकलो मी. तू हात पुढे केलास आणि मी... मला काही कळत नाही बघ. तुला हवं तेवढा वेळ धर. खराब झालं तर झालं."

बाईंची मूठ मिटली. बराच वेळ नाणं नुसतं मुठीत राहिलं, गरम झालं. मग अंगठा हलला. कडेवरून गेला, नाकावर थांबला, गालावरून मागे सरकला. मग अंगठा बाजूला झाला आणि तर्जनीचं टोक आलं, आणि त्यामागून नख.

"टोपी नाहीये ही."

"मग?"

"केस आहेत, मिस्त्री! अंबाडा आहे हा. डोक्याच्या वर बसवलाय, मागे नाही. तुमच्या डोळ्यांना काय झालंय?"

बायको रागावली की त्यांना मिस्त्री म्हणायची, आणि ते ऐकून किती काळ लोटला होता.

"मला पुढचं नीट लागत नाही, फार झिजलंय. भिंग घ्या. कानावरून केस कसे गेलेत? पीळ घातलाय की लाटा आहेत?"

"लाटा... हो, लाटा."

"आणि मानेपासून?"

"मानेपासून वर दोऱ्या चढल्यात. बारीक बारीक."

"दोऱ्या काय, वेण्या म्हणा. एकमेकींना चिकटून आहेत की सुट्या?"

"चिकटून."

"वर गेल्यावर गोल फिरल्यात?"

"थांब... हो! वेटोळं आहे."

असं ते चाललं. त्यांची नजर आणि तिचं बोट. आयुष्यात कधी पार्लरची पायरी न चढलेले मिस्त्री त्या संध्याकाळी भांग, बट, पेड, पीळ असे शब्द शिकले आणि चुकले की बोलणी खात होते. चहा गार झाला, कुणी प्यायला नाही.

"पिन दिसते कुठे?" बाईंनी विचारलं.

"नाही बुवा."

"एवढा भार पिनेने राहायचाही नाही. मला वाटतं शिवलाय. सुईदोऱ्याने शिवला असणार, म्हणजे दिवसभर हलायला नको." त्यांचं बोट वेटोळ्यावरून फिरलं. "आणि एक सांगू? हे हिचं हिने केलेलं नाही. स्वतःचं स्वतः जमणारच नाही हे. हिच्या मागे कुणीतरी उभी होती. सारखी मान हलवत असेल ही बया, आणि ती बिचारी म्हणत असेल, महाराणी, जरा स्थिर बसा. पाय दुखले असतील हो तिचे. नाण्यावर आली ती ही, आणि केलं सगळं तिने."

मिस्त्रींनी मान वळवून डोळे पुसले. बायकोला दिसणार नव्हतं, तरी वळवली.

"मला एक डोकं पाहिजे," बाई एकदम म्हणाल्या. "करून बघायचंय."

"माझं घे."

बाईंनी हात पुढे करून नवऱ्याच्या तुळतुळीत टकलावर ठेवला. "इथे? इथे तर विमानं उतरतील," असं म्हणाल्या आणि हसल्या. मिस्त्री त्यांच्याकडे बघतच राहिले. हसताना त्या पूर्वी दिसायच्या तशाच दिसत होत्या.

रविवारी लेक आली. चपला काढते न काढते तोच आईचा हुकूम सुटला, "ये, इथे खाली स्टुलावर बस. पाठ माझ्याकडे कर." लेक गोंधळून बापाकडे बघू लागली. बापाने हातानेच खुणावलं, बस.

बाईंनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवले. मागची मोठी क्लिप चाचपली, काढली. केस सुटले आणि बाईंचे हात त्यांच्यामागून खाली गेले. मानेपर्यंत, पाठीपर्यंत, आणखी खाली. स्टुलाच्या कडेपाशी हात थांबले.

"हे काय गं?"

"केस."

"ते कळतंय मला. तू खांद्याखाली कधी वाढवले नाहीस, उन्हाळ्यात उकडतं म्हणून जीव खायचीस माझा. आणि टोकं बघ, नुसता झाडू झालाय. शेवटचे कधी कापलेस?"

लेक स्टुलावर चुळबुळली.

"विचारतेय मी."

"तू पार्लर बंद केलंस ना, त्याच्या आदल्या आठवड्यात."

"तेव्हापासून कात्री लावली नाहीस? का? एवढ्या गावात पार्लरं संपली होती?"

"आहेत की. आमच्या ऑफिसखालीच आहे एक."

"मग जायला काय झालं होतं?"

"माझे केस तू कापतेस, आई," लेक म्हणाली.

बाईंची बोटं लेकीच्या केसांत होती तशीच होती. मिस्त्रींना वाटलं, झालं, आता ही पुन्हा हात मागे घेणार.

"महाराणी थांबेल तिच्या वेण्यांसाठी," बाई म्हणाल्या. "अहो, एक टॉवेल आणा आणि पाण्याचं भांडं. आणि त्या खणातली लांब कात्री."

मिस्त्रींचं धाबं दणाणलं. कात्री! दिसत नसताना! लेकीचा कान, बायकोचं स्वतःचं बोट. "अगं, पण" जिभेवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं, उठले, खणातून कात्री काढली, शर्टाला पुसली आणि बायकोच्या हातात दिली.

बाईंनी दोन बोटांत केस धरून टोकाकडे ओढले, बोटांची पेरं लावून माप घेतलं, पुन्हा घेतलं. कात्री बोटांना टेकवून धरली.

"मान खाली कर. हलू नकोस."

"नाही हलत."

"हलतेयस. रडतेयस म्हणून हलतेयस. आधी रडून घे, मग कापू."

"तू काप गं," लेक नाक ओढत म्हणाली. "वाकडे झाले तरी चालतील."

"वाकडे कशाला होतील?" बाईंनी कात्री चालवली आणि पहिली बट जमिनीवर पडली. "आणि झालेच, तर पुढच्या रविवारी सरळ करीन."