शिपाईमामांची काच

घोडं अडलं ते त्या एका काचेवर.

मूल न होणाऱ्यांच्या तपासण्या करणाऱ्या त्या लॅबचा शिरस्ता असा, की पेशंटांच्या वीर्याच्या काचांबरोबर तुलनेला एक काच पोरंबाळं असलेल्या माणसाची ठेवायची. काचेला जिलेटिनचा थर असतो. पुरुषबीजाच्या डोक्यातलं एन्झाईम तो थर विरघळवतं आणि भोवती पांढरं कडं उमटतं. स्त्रीबीजाचं कवच फोडायचं तेही त्याच्याच जोरावर. हे एन्झाईम बीज घडतानाच तयार व्हावं लागतं. झालं नाही तर बीज कितीही पळो, दाराशी जाऊन ताटकळणार. ही जादा काच कायम शिपाईमामांची असे. चार लेकरांचा बाप! माझ्या जिवावर लॅब चालते, असं मामा चहा देताना हटकून ऐकवत.

त्या दिवशी मामांना उशीर झाला. टेक्निशियन म्हणाला, त्यात काय मोठंसं, आणि त्यानं आपलीच काच ठेवली. मामांच्या नावाची चिठ्ठी लिहून तयार होती, तीच चिकटवली. धास्ती कसली? त्याचा जुना रिपोर्ट झकास होता, संख्या भरपूर, चाल उत्तम. म्हणून तर घरात मूल नसल्याचं सगळं खापर बायकोच्या माथी. आईचे टोमणे तिला, सुया तिला, आणि उद्या दुर्बिणीचं ऑपरेशनही तिचंच. ती बिचारी लॅबच्याच काउंटरवर बसून लोकांची नावं लिहून घेत होती.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी काचा पाहिल्या. पेशंटांची कडी ठसठशीत, आणि मामांच्या काचेवर एकही नाही. असं असलं तर मूल होणं कठीणच, असं त्या स्वतःशीच पुटपुटल्या, आणि मामा नेमके कपबश्या उचलायला मागे उभे होते.

"म्हणजे माझी पोरं..." मामा एवढंच म्हणाले.

बाई गडबडल्या, उद्या पुन्हा बघू म्हणाल्या. पण मामा आज घरी जाणार होते, आणि जाऊन बायकोला काय विचारणार होते ते त्यांच्या तोंडावरच दिसत होतं. टेक्निशियन शेजारीच उभा राहून हे ऐकत होता. जिलेटिनला नावं ठेवावीत तर बाकीच्या काचा समोर होत्या. खरं बोलावं तर त्याची स्वतःची बायको दारातच येऊन उभी राहिली होती, ऑपरेशनच्या कागदावर बाईंची सही घ्यायला. इकडे आड, तिकडे विहीर. पळून जावंसं वाटलं, पण खोलीला दार एकच, आणि त्यात ती.

"काच माझी आहे," तो म्हणाला.

मामा मटकन स्टुलावर बसले. त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

बायकोनं कागदाची घडी घातली. "सही नको, बाई. उद्याचं रद्द," ती शांतपणे म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "आईंना आज संध्याकाळी तू सांगायचंस. मी तिथंच बसून ऐकणार आहे."